एकाच नंबराचे दोन कॉम्प्युटर

माझं नाव सुजाता, पण जिल्ह्यातल्या बऱ्याच मोबाईलमध्ये ते 'वायरवाली ताई' असं आहे. मी मूळची जानेफळची. आयटीआय केलं, मेहकरच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले, लग्न होऊन शेगावला आले. त्यानंतर बावीस वर्षं दवाखाने, लॉज, शाळा आणि कापसाच्या जिनिंगच्या कचेऱ्या यांच्या भिंतींवरून नेटवर्कच्या वायरी ओढल्या. सुरुवातीला लोक शिडीखाली येऊन विचारायचे, "मिस्त्री कुठं हाय?" मी वरून सांगायची, "शिडीवर हाय." नंतर विचारणं बंद झालं.

या धंद्यात मी एक चूक केली, ती इथं लिहायची ठरवली आहे. तिच्यापायी दुसऱ्याच बाईची नोकरी जाणार होती, म्हणून ती लिहायलाच हवी.

आधी नंबराची गोष्ट सांगते, कारण सगळा घोळ त्याचाच. कॉम्प्युटर असो की मोबाईल, नेटवर्कला जोडणारा जो भाग त्यात असतो त्याला कारखान्यातूनच एक नंबर मिळतो. बारा अंक-अक्षरांचा. आम्ही त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतो. नेटवर्कवर कुठलं यंत्र कोणतं, हे या नंबरावरून ओळखतात. लोकांना वाटतं हा नंबर दगडावर कोरल्यासारखा पक्का असतो. तसा तो नसतो. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत दुसरा नंबर टाकला की यंत्र तोच नंबर स्वतःचा म्हणून सांगू लागतं. दोन मिनिटांचं काम. त्यात चोरी नाही आणि जादूही नाही.

आजकालचे मोबाईल तर हे आपणहून करतात. शेगावच्या एका लॉजमालकांनी एका खोलीला दोनच मोबाईल असा नियम केला होता आणि नंबरांची यादी स्वतः तपासायचे. एक दिवस मला तातडीनं बोलावलं.

"ताई, तो तीन नंबरच्या खोलीतला पाहुणा मले गडबड वाटते. एकटा माणूस, अन् तीन मोबाईल घेऊन फिरून राह्यला."

पाहुणे म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. हातात एकच मोबाईल, तोही काचेला तडा गेलेला. लॉजमालक काकांनी प्रत्येक मजल्याच्या वायफायला वेगळं नाव दिलं होतं आणि मोबाईल प्रत्येक नावाला वेगळा नंबर सांगत होता. कोण कुठं फिरतो यावर कुणी पाळत ठेवू नये म्हणून मोबाईल बनवणाऱ्यांनीच ही सोय केलेली आहे. काकांना हे पटवायला मला दोन कप चहा लागले.

"म्हंजे नंबर खोटा सांगते, तरी तो चोर नाही?"

"नाही काका. अन् खरा सांगते म्हणून तो साव, असंही नाही."

काकांशी मी एवढं शहाणपणानं बोलले, पण ते माझ्याच कामात मला लागू करता आलं नाही.

आता दवाखान्याची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, डॉक्टरांचंही नाही. नांदुऱ्याच्या बाजूला, रेल्वेरस्त्यावरचा मध्यम दवाखाना. तळमजल्यावर रक्त तपासायची लॅब, वर कागदपत्रांच्या खोल्या. नेटवर्क मीच उभं केलेलं. लॅबमध्ये रेखा नावाची तंत्रज्ञ होती. सडपातळ, कमी बोलणारी, जवळच्याच खेड्यातून रोज एसटीनं येणारी. नवरा अपघातात गेल्यावर मुलीला घेऊन माहेरी राहत होती. सुई टोचली तरी लहान पोरं रडायची नाहीत, इतका तिचा हात हलका.

एका उन्हाळ्यात विजेच्या डीपीवरची न्यूट्रल वायर तुटली आणि साऱ्या गल्लीत जादा व्होल्टेज शिरलं. दवाखान्यातले पंखे, दोन टीव्ही आणि लॅबचा कॉम्प्युटर जळाला. रक्त तपासायचं यंत्र वाचलं होतं. पण ते चालवणारं सॉफ्टवेअर जळालेल्या कॉम्प्युटरच्या नंबराशी बांधलेलं होतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकलं की ते म्हणायचं, परवानगी नाही. कंपनीला फोन लावला तर तिकडून उत्तर आलं, नवी परवानगी आठ दिवसांनी.

बाहेर बाकांवर डेंगीच्या संशयाचे पेशंट बसलेले. रेखा हातानं नळ्या लावून लावून किती करणार? डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "सुजाताताई, काही पण करा, पण मशीन चालू करा."

मी प्रत्येक यंत्राचा नंबर वहीत टिपून ठेवते. जुन्या कॉम्प्युटरचा नंबर होता. तो मी नव्याच्या चौकटीत टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि सॉफ्टवेअर उघडलं. रेखानं पहिला नमुना यंत्रात ठेवला. मला तेव्हा जो आनंद झाला तो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही. सॉफ्टवेअर रीतसर घेतलेलं, चालत होतं एकाच ठिकाणी, आणि माणसं खोळंबली होती. कुणाचंच नुकसान नव्हतं.

त्याच वर्षी एका क्लासवाल्या सरांनी मला विचारलं होतं, "एकाच कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर आपल्या दहाही कॉम्प्युटरवर चालवता येते का, नंबर सारखा देऊन?" मी सरळ नाही म्हटलं आणि उठले. म्हणजे फरक मला कळत होता. जे आपलं आहे ते चालू ठेवायला नंबर बदलणं वेगळं, आणि जे आपलं नाही ते घ्यायला बदलणं वेगळं. माझं चुकलं ते पुढं. आठ दिवसांनी कंपनीकडून रीतसर परवानगी मागायची होती, ती मागितली नाही. नंबर बदलल्याचं दवाखान्याला लिहून द्यायचं होतं, तेही दिलं नाही. चालू आहे ना, मग चालू दे. चार वर्षं चालू राहिलं.

मधल्या काळात दवाखान्यानं जळालेला कॉम्प्युटर अकोल्याला पाठवून दुरुस्त करून आणला. मला कुणी सांगितलं नाही. तो वरच्या मजल्यावर विलासभाऊंच्या खोलीत गेला. विलासभाऊ म्हणजे डॉक्टरांचे मेहुणे, दवाखान्याचे मॅनेजर. त्या खोलीची वायर मीच ओढली होती. तेव्हा टेबल रिकामं होतं. वायर तपासली आणि घाईत खाली उतरले. तिथं कोणता कॉम्प्युटर येणार, हे विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर रेखाचे फोन येऊ लागले. "ताई, दुपारी नेट जाऊन राह्यलं. मंग आपोआपच येते." मी गेले, वायर बदलली. पुन्हा फोन, पुन्हा गेले, टोकाचा जोड बदलला. तिसऱ्यांदा परत वायरच. एका नेटवर्कवर एकाच नंबराची दोन यंत्रं चालू झाली की हे असंच होतं, दोघांचे निरोप एकमेकांकडे जातात. शिकाऊ मुलीलाही सुचावं असं हे लक्षण. मला सुचलं नाही, कारण आपण केलेलं काम आपल्याला दोषी वाटत नाही.

आणि मग ते घडलं. रेखाच्याच गावातल्या एका मुलीची सोयरीक जमली होती. तिचं नाव मी कुठंच घेत नाही. तिनं सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घेतली, ती स्वतःहून, कारण शिबिरात कुणी समजावून सांगितलं होतं. ती वाहक निघाली. वाहक म्हणजे आजारी नव्हे. नवराही वाहक असला तरच होणाऱ्या लेकरांना धोका. मुलाचं रक्त तपासलं असतं तर प्रश्न सुटला असता. पण ती बोलायच्या आधीच तिचा छापील रिपोर्ट मुलाच्या मामाच्या हातात पोचला. सोयरीक मोडली, आणि मुलीत खोट आहे म्हणून गावभर झालं.

मुलीचे वडील दवाखान्यात आले. डॉक्टरांनी सर्व्हरवरची नोंद काढली. रिपोर्ट कुठून छापला तर लॅबमधून. लॅबचा पासवर्ड एकच, मॉनिटरला चिकटवलेला, सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे पुरावा राहिला तो यंत्राच्या नंबराचा, आणि नंबर रेखाच्या टेबलाचा. शिवाय ती त्याच गावची. सगळ्या स्टाफसमोर तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

मला हे ठाऊक नव्हतं. मला फक्त एका कागदावर सही करायला बोलावलं. डॉक्टरांच्या केबिनमध्ये विलासभाऊ बसले होते. कागदावर लिहिलं होतं, अमुक नंबर लॅबमधल्या कॉम्प्युटरचा आहे, असं मी नेटवर्क तंत्रज्ञ म्हणून प्रमाणित करते.

"पोलिसात द्यायचं पडलं तर लागेल," डॉक्टर म्हणाले आणि काय झालं ते सांगितलं.

मी नंबर वाचला. माझ्याच हातानं चार वर्षांपूर्वी टाकलेला.

"साहेब, जुना जळालेला कॉम्प्युटर कुठाय?"

"तो? दुरुस्त केला ना. वर आहे, विलासकडे."

म्हणजे हाच नंबर आता दोन कॉम्प्युटरवर होता. विलासभाऊ म्हणाले, "ताई, नंबर लॅबचाच हाय ना? मंग सही करा. तुम्ही काऊन एवढा विचार करून राह्यल्या?"

खरं सांगते, मनात आलं की करून टाकावी. लिहिलेलं खोटं नव्हतं. नंबर लॅबचा होताच. माझं चार वर्षांपूर्वीचं काम उघडं पडलं नसतं, दवाखान्याचं कामही टिकलं असतं. पण रेखानं मला तीनदा फोन करून सांगितलं होतं की काहीतरी बिघडलंय, आणि मी तिन्ही वेळा वायरीतच बिघाड शोधला होता. आता सही करणं म्हणजे चौथ्यांदा तेच करणं.

मी पेन टेबलावर ठेवला. "साहेब, सही नाही करत. तुम्ही लॅबमध्ये जाऊन रेखाच्या कॉम्प्युटरसमोर बसा. मी वर जाते. दहा मिनिटं द्या."

"हे काय नवीन?" विलासभाऊ उठले. "माह्या खोलीत कायले जाता?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "जा."

वरचा कॉम्प्युटर बंद होता. मी चालू केला. खाली डॉक्टरांसमोरची रिपोर्टांची यादी अडकली, पानं उघडेनात. त्यांनी फोनवर सांगितलं, "नेट गेलं." मी वर लॅबचं सॉफ्टवेअर उघडलं. ते जुन्या डिस्कवर तसंच होतं आणि चालत होतं, कारण ज्या नंबराशी ते बांधलेलं होतं तो मुळात याच कॉम्प्युटरचा. फोनवरच डॉक्टरांना म्हटलं, "तुमचा स्वतःचा साखरेचा रिपोर्ट उघडू का?" ते "हो" म्हणाले. मी उघडला आणि तिथंच छापला.

कागद घेऊन खाली आले. सर्व्हरवरची ताजी नोंद दोघांनी मिळून पाहिली. रिपोर्ट लॅबमधून छापला, असं ती म्हणत होती.

डॉक्टरांनी नोंद पुन्हा वाचली. लॅबमध्ये ते स्वतः बसलेले होते आणि त्यांनी काही छापलेलं नव्हतं. जिन्याखालच्या कपाटातला स्विच, म्हणजे जिथं सगळ्या वायरी एकत्र येतात ती पेटी, तिची यादीही मी दाखवली. एकच नंबर कधी चार नंबरच्या दारातून येत होता, कधी सतराच्या. चार म्हणजे लॅब, सतरा म्हणजे वरची खोली.

"म्हणजे हे विलासनं केलं?"

"ते मी नाही सांगू शकत, साहेब. नंबर यंत्राचा असते, तोही बदलता येते. खुर्चीत कोण बसलं होतं ते नंबरात लिहिलेलं नसते. मी एवढंच सांगते, या नोंदीवरून रेखाले घरी बसवता येत नाही. अन् हा घोळ माह्यामुळे झाला."

मग उन्हाळ्यातल्या त्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. ते चिडले. माझ्या न सांगण्यावर चिडले आणि मला ते मान्य होतं. "तुम्ही मला अंधारात ठेवलं," ते म्हणाले, "यापुढे मी दुसरा माणूस पाहीन." मी तिथंच बसून सगळं लिहून दिलं, सही केली आणि तारीख घातली. त्या बाबतीत सही करायला मला एक क्षण लागला नाही.

घरी येऊन दुसरं पत्र लिहिलं, सॉफ्टवेअरच्या कंपनीला. तुमची परवानगी मी अशी अशी वळवली, आता रीतसर नवी द्या, दंड असेल तर तो माझा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाचा फोन आला. बिचारा गोंधळला होता. "मॅडम, हे सगळेच करतात. तुम्ही लिहून कशाला पाठवलं?"

"तुमच्याकडे नोंद राहावी म्हणून."

नवी परवानगी त्यानं एका तासात पाठवली. चार वर्षांपूर्वी ज्याला आठ दिवस लागणार होते ते काम. हे इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तीन-चार दिवसांत विलासभाऊंनी स्वतःच कबूल केलं. मुलाचा मामा त्यांचा दोस्त होता. "त्याच्या भाच्याची फसगत होऊ नये म्हणून दाखवला," असं ते म्हणाले. आपण काही वाईट केलं असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांचं दवाखान्यात येणं बंद झालं. रेखावर आळ येताना मात्र ते समोर बसून गप्प होते. ते मला जास्त वाईट वाटतं.

डॉक्टरांनी रेखाला फोन करून परत बोलावलं. ती आली नाही. मी तिच्या गावी गेले. अंगणात ती कपड्यांच्या घड्या करत होती. मी माझी चूक सांगितली, कुठलंही कारण न जोडता. तिनं घडी पुरी केली आणि म्हणाली, "ताई, मले वाटलंच होतं वायरीत काही नाही म्हणून. पन तुम्ही जाणकार, म्हणून मी गप्प बसली."

"बोलायचं होतं."

"आता बोलतो," ती म्हणाली. तिच्या दोन अटी होत्या. ज्यांच्यासमोर जा म्हटलं त्या सगळ्यांसमोर डॉक्टरांनी चूक कबूल करायची. दुसरी अट, प्रत्येकाला आपापला पासवर्ड, आणि ते काम सुजाताताईनंच करायचं. "दुसऱ्यानं केलं तर त्यानं काय केलं ते मले कसं समजंल? तुमची चूक तरी मले माहीत हाय."

सोमवारी सकाळी बाह्यरुग्ण विभागासमोर डॉक्टर उभे राहिले आणि दोनच वाक्यं बोलले, पण स्पष्ट बोलले. रेखानं ऐकून घेतलं, एप्रन चढवला आणि लॅबचं दार उघडलं. पंधरा-सोळा नमुने ट्रेमध्ये वाट पाहत होते.

त्याच दिवशी ती सोयरीक मोडलेल्या मुलीच्या आईला माझ्यापाशी घेऊन आली. मी शिडीवरून उतरले. आईनं विचारलं, "बाई, आता माह्या पोरीचा रिपोर्ट कोणाले दिसत नाही ना?"

मी म्हटलं, "काकू, आता कोणी पाह्यला तर कोणी पाह्यला ते लगेच कळंल."

ती म्हणाली, "कळून काय करू? झालं ते झालंच ना. पाहूच नये कोणी."

आम्ही धंद्यातली माणसं नोंद ठेवायला शिकतो, कोण आलं, कुठून आलं, किती वाजता. त्या बाईला चोर पकडून नको होता. तिला दार बंद हवं होतं. मी तिला म्हटलं, "तीन दिवस द्या."

ते तीन दिवस मी दुसरं कोणतंच काम घेतलं नाही. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड दिला, मॉनिटरवरची चिठ्ठी फाडली, वरचा जुना कॉम्प्युटर लॅबच्या सॉफ्टवेअरपासून कायमचा तोडला. जो डॉक्टर तपासतो आणि जी तंत्रज्ञ चाचणी करते, त्यांच्याशिवाय रिपोर्ट उघडणारच नाही, अशी बांधणी कंपनीच्या माणसाला फोनवर धरून करून घेतली. तो कंटाळला, मी कंटाळले नाही. छापील कागद पेशंटच्या हातात किंवा कुणाच्याच नाही, हा नियम रेखानं स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावला.

मुलीचं सांगायचं तर ती आता बुलढाण्याला नर्सिंग शिकते. लग्नाचं ती पुढं बघेल, आणि आधी मुलाचं रक्त तपासेल, असं तिची आई मला हसत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा त्रासलेला. त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा बाहेरचे एक डॉक्टर येतात, त्यांच्या एका पेशंटचा रिपोर्ट आमच्या डॉक्टरांना उघडता येत नव्हता.

"सुजाताताई, हे काय? अहो, दवाखाना माझा आहे."

"म्हणूनच साहेब," मी म्हटलं, "पहिलं कुलूप तुमच्यावरच लावून पाहिलं."